काचेला होल मारू का नको?

या वेळेला माशांच्या टाकीचे चार प्रश्न एकदम आलेत. पावसाळा तोंडावर आला, वळवाचा पाऊस सुरू झाला, लाइट जा-ये करायला लागली की दरवर्षी असंच होतं, लोकांना एकदम टाकीची काळजी वाटायला लागते. पहिला प्रश्न मोठा आहे आणि त्याचं उत्तरही लांबलंय, बाकीचे पटापट उरकलेत.

प्रश्न : मी उद्यमनगरात टर्नर आहे, घर मंगळवार पेठेत. घरी चार फुटी टाकी आहे, ४८ बाय १८ बाय १८ इंच, काच १० मिमी, इथल्याच काचवाल्याकडून बनवून घेतलेली. दोन ऑस्कर आहेत, हाताएवढे झालेत आणि खातात जेवढं त्याच्या दुप्पट घाण करतात, टॉप फिल्टरचा स्पंज दर तिसऱ्या दिवशी धुवायला लागतोय. म्हणून खाली कॅबिनेटमध्ये संप, म्हणजे पाणी गाळून पंपानं परत वर चढवायची दुसरी टाकी, करायचं डोक्यात आहे. आता वरचं पाणी खाली आणायला टाकीला होल पाडू का काठाला अडकवायचा तो ओव्हरफ्लो बॉक्स मिळतोय तो घेऊ? लोखंडाला होल मारण्यात माझी निम्मी हयात गेली, शॉपला पिलर ड्रिल पण आहे, पण काच म्हटलं की हात थरथरतोय बघा. आणि बायको म्हणतीय हॉलमध्ये एक थेंब जरी सांडला तर दोन्ही मासे रंकाळ्यात सोडून येते. काय करू सांगा.

उत्तर : आधी वहिनींचं बघू. ऑस्कर रंकाळ्यात सोडायचे नाहीत, कितीही राग आला तरी. दक्षिण अमेरिकेतला मासा आहे तो, तोंडात मावेल ते खातो, आपल्या तळ्यातल्या माशांची पिल्लं त्याला फुकटची मेजवानी. नकोच झाले तर कुणाला तरी देऊन टाका. झालं, आता टाकीकडे.

तुमच्यासाठी माझं उत्तर आहे, होल पाडा. मागच्या काचेला पाडा, वरच्या बाजूला पाडा, आणि एक नाही दोन पाडा. आता का ते सांगतो, कारण "होल बेस्ट, बॉक्स बेकार" असं छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतील तुम्हाला पण का ते विचारलं की गप्प.

सगळा प्रश्न लाइट गेल्यावर पाणी कुठं थांबतं आणि लाइट परत आल्यावर ते वाहायला लागतं का नाही, एवढ्याचाच आहे. पंप चालू असताना कुठलाही जुगाड चालतो हो, प्लॅस्टिकची बाटली कापून लावली तरी चालतो. खरी परीक्षा रात्री दोन वाजता लाइट जाते आणि चार वाजता येते तेव्हा.

काठावर अडकवायच्या बॉक्समध्ये पाणी काठावरून उडी मारून पलीकडे जातं ते एका उलट्या यू नळीतून, सायफनवर. त्या नळीत पाणी गच्च भरलेलं असलं तरच ते चालतं. पण पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे असतातच, ते नळीच्या वरच्या वळणात साठत जातात, आणि प्रवाह कमी ठेवला तर जास्तच साठतात कारण पाण्याला त्यांना ओढून न्यायचा जोर नसतो. साठता साठता एक दिवस सायफन तुटतो. बॉक्सला माहीत नसतं सायफन तुटलाय, पंपाला पण माहीत नसतं, पंप आपला खालून पाणी वर फेकत राहतो.

माझं स्वतःचं सांगतो. लग्नाआधी मी शिवाजी पेठेत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो, तीन फुटी टाकी आणि असलाच एक बॉक्स, विकणाऱ्यानं सांगितलेलं की लाइट गेली तरी सायफन आपोआप धरतो. धरला की, सात-आठ महिने धरला. मग एका वळवाच्या रात्री लाइट गेली, पहाटे आली, आणि मला जाग आली ती पंपाच्या आवाजानं, कोरडा पडून नुसता खर्रर्र करत होता. पाय खाली टाकला तर घोट्याला पाणी लागलं, म्हणजे खरंतर तळव्याला, पण त्या वेळी घोट्याला वाटलं. आणि खाली घरमालकांनी वर्षाची गुळाची ढेप ठेवलेली, ती बरोब्बर टाकीच्या खाली. तेव्हापासून मी काठावरच्या बॉक्सला हात लावलेला नाही, त्यामुळं या बाबतीत माझं मत थोडं कडू आहे असं धरूनच वाचा.

आता तुमच्या टाकीचा हिशेब करू. ४८ बाय १८ म्हणजे पाण्याची पातळी एक इंच वर-खाली झाली की साधारण १४ लिटर. पूर्ण टाकी अडीचशे लिटरची. समजा संपाच्या शेवटच्या कप्प्यात, जिथं पंप बसतो तिथं, ४० लिटर पाणी आहे आणि वर टाकीत काठापर्यंत दीड इंच जागा मोकळी आहे. सायफन तुटला तर पंप ते ४० लिटर वर फेकणार, त्यातलं २१ लिटर टाकीत मावणार आणि १९ लिटर हॉलमध्ये. एक बादली फरशीवर ओतून बघा म्हणजे १९ लिटर किती असतं ते वहिनीच सांगतील. याच्यावर उपाय एकच, पंपाचा कप्पाच एवढा लहान करायचा की त्यातलं सगळं पाणी वर गेलं तरी टाकीत मावलं पाहिजे. २० लिटरच्या आत ठेवा. हे होल पाडलं तरी करायचंच आहे, विसरू नका.

कारण होलसुद्धा अगदी साधू नाही. त्यात सायफन तुटायची भानगड नाही, पाणी काठाच्या खालच्या भोकातून आपसूक पडतं, लाइट दहा वेळा जाऊ दे अकराव्या वेळेला पण पडणार. पण एखादं पान अडकलं, गोगलगाय जाऊन बसली, किंवा ऑस्करसारख्या येड्या माशानं प्लॅस्टिकचं झाड उपटून तिकडं ढकललं, तर होलपण तुंबतं, आणि तुंबलं की परत तेच १९ लिटर. म्हणून दोन होल. एकातून रोजचं पाणी जाणार, दुसरं थोडं उंचावर ठेवायचं, ते कायम कोरडं. पहिलं तुंबलं की पाणी जरा चढतं आणि दुसऱ्यातून जातं. परदेशात हौशी लोक याला हर्बी पद्धत म्हणतात, आणि तीन पाइपांची बीनअ‍ॅनिमल म्हणून एक आहे ती त्याहून सेफ, पण चार फुटी टाकीला दोन बास झाले.

तळाला होल पाडा म्हणणारे भेटतील, दिसायला सुबक दिसतं म्हणून. मी नाही पाडणार. तळाच्या होलाचा वायसर एखाद्या दिवशी कडक झाला, फाटला, की टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत गळत राहणार. मागच्या काचेला वर होल असलं तर गळून गळून किती गळणार, होलाच्या पातळीपर्यंत, पुढं पाणीच नाही. शिवाय पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, वर तो कमीच असतो, म्हणजे कापलेल्या काचेवर ताण पण कमी.

आता लोखंड आणि काच. तुमच्या हाताला जी सवय आहे ती इथं घरी ठेवून यायची. लोखंडात बिट कापत जातं, बुरादा निघतो, जोर दिला की काम पुढं सरकतं. काच कापली जात नाही, घासली जाते. डायमंडचं होल सॉ म्हणजे नळीच्या तोंडावर हिऱ्याची भुकटी बसवलेली, ती काच झिजवत झिजवत खाली उतरते आणि मधे काचेची गोल चकती उरते. जोर दिला तर ती लवकर झिजत नाही, गरम होते, आणि काच एका जागी गरम बाकी गार असली की तडकते. गरम चहा गार ग्लासात ओतल्यावर होतं ना, तेच. म्हणून दोन गोष्टी सांभाळायच्या, पाणी आणि सबुरी. १० मिमी काचेला मी एका होलाला आठ-दहा मिनिटं घेतो, त्याहून लवकर झालं तर मलाच भीती वाटते.

पिलर ड्रिलचं विचारलंय. सरळ उभं होल पडायला ते चांगलंच, पण दोन अडचणी. चार फुटी जोडलेली टाकी त्याच्या टेबलावर बसवणार कशी? आणि तो हँडल असा आहे की एका बोटानं दाबलं तरी खाली खूप जोर जातो, तुम्हाला कळणारच नाही. नवीन टाकी बनवायची असती तर गोष्ट वेगळी, काच सुटी असतानाच काचवाल्याकडून होल पाडून घ्यायचं, तो रोज पाडतो. जोडलेल्या टाकीला मात्र हातातलं ड्रिल, शक्यतो बॅटरीचं, कारण आपण पाण्यात काम करतोय आणि वायरीचं ड्रिल पाण्याजवळ मला नको वाटतं. स्पीड कमी, ४००-५०० आरपीएमच्या आसपास. हॅमर मोड चुकूनसुद्धा नाही.

आणि बिट आधी घ्यायचं नाही हां, सगळे इथंच चुकतात. आधी टँक निपल घ्या, म्हणजे होलात बसवून पाइप जोडायचा तो आटे, चकती, वायसर आणि नटवाला तुकडा. लक्ष्मीपुरीत किंवा कुठल्याही पाइपांच्या दुकानात एक इंची टँक निपल मागितलं तर मिळेल पण एक इंच हे आतल्या पाइपाचं माप झालं, बाहेरून त्याच्या आट्यांचा घेर मोठा असतो, साधारण ४५ मिमीचं होल लागतं, आणि कंपनीप्रमाणे ते बदलतं. तुमच्याकडे व्हर्नियर आहेच, आटे मोजा, त्याच्यापेक्षा एक-दोन मिमी मोठं बिट घ्या. एक इंची पाइप तुम्हाला भरपूर झाला, ऑस्करसाठी तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरलं की खूप, म्हणजे हजार-बाराशे लिटर. पंप घेताना मात्र डब्यावरचा आकडा बघून फसू नका, तो शून्य उंचीचा असतो, चार-साडेचार फूट वर चढवलं की बराच खाली येतो.

होलाची जागा अशी धरा की होलाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत कमीत कमी होलाएवढंच अंतर राहील, आणि दोन होलांच्या मधेपण तेवढंच. ४५चं होल म्हणजे मध्यबिंदू वरच्या कडेपासून ७० मिमीच्या खाली हवा, मी साडेतीन इंच घेतो कारण आत एल्बो, म्हणजे पाइपाचा काटकोनी जोड, बसवायला जागा लागते. दोन मध्यबिंदूंत ९० मिमी तरी. वर सपोर्टची काचेची पट्टी चिकटवलेली असेल तर निपलची चकती तिला आडवी येत नाही ना, तेपण आधी निपल धरून बघा.

प्रत्यक्ष काम. टाकी रिकामी, कोरडी, अंगणात जुनी वाकळ अंथरून तिच्यावर पुढच्या काचेवर झोपवायची, म्हणजे मागची काच वर आली. होलाच्या जागी आतल्या बाजूनं मास्किंग टेपचे तीन-चार थर, त्यानं शेवटी खपल्या कमी उडतात आणि चकती धाडकन खालच्या काचेवर पडत नाही, तरी आत एक उशी ठेवाच. वरच्या बाजूला प्लायच्या तुकड्याला त्याच बिटानं होल पाडून तो क्लॅम्पनं किंवा टेपनं पक्का करायचा, नाहीतर सुरुवातीला बिट काचेवर बर्फावर घसरल्यासारखं पळतं आणि टाकीवर गोल गोल नक्षी. असला जिग तुम्ही झोपेत बनवाल. खोबण पाव मिमी पडली की प्लाय काढून टाका, आणि होलाभोवती मातीचं आळं करून त्यात पाणी भरा. लोक यासाठी मुलांची खेळायची क्ले वापरतात, मी शाडू वापरतो, गणपती झाल्यावर कुंभार गल्लीतून एक गोळा आणून ठेवतो वर्षभराला, मस्त चिकटतो आणि नंतर पुसून निघतो.

मग ड्रिलचं नुसतं वजन, वरून हात नाही. दोन मिनिटांत आळ्यातलं पाणी दुधासारखं पांढरं होतं, ती काचेची पूड आहे, कोरडी झाली तर श्वासात जाते, म्हणून ओलीच पुसायची आणि पाणी बदलत राहायचं. आवाजाकडं कान ठेवा. सुरुवातीला कर्कश असतो, मग घुर्रर्र असा एकसारखा होतो, आणि शेवटचा एक-दीड मिमी उरला की परत बदलतो, पोकळ येतो. तिथं ड्रिल जरा उचलूनच धरायचं, वजनसुद्धा पूर्ण द्यायचं नाही. माझ्या पहिल्या होलाची चकती अजून आहे माझ्याकडं, टेबलावर कागदं दाबायला.

कडेला बारक्या खपल्या उडाल्या तर घाबरू नका, वायसरच्या खाली झाकल्या जातात. पण नखाला लागेल अशी चीर होलापासून बाहेर निघालेली दिसली तर ती काच संपली, तिला चिकटपट्टी-सिलिकॉन काही चालत नाही, पाणी भरल्यावर ती पळणारच. तेवढी तयारी मनाची ठेवूनच ड्रिल हातात घ्यायचं. १० मिमीची साधी काच तशी दमदार असते, पाणी आणि धीर सोडला नाही तर सहसा दगा देत नाही, पण सहसा म्हटलंय.

दोन्ही होलांभोवती आतून काचेच्या पट्ट्यांचा एक डबा चिकटवा, १० इंच लांब, ४ इंच रुंद, ६ इंच खोल. अ‍ॅक्रिलिकचा नको, सिलिकॉन काचेला जसं धरतं तसं अ‍ॅक्रिलिकला धरत नाही. सिलिकॉन टाकीचं घ्या, बाथरूमचं बुरशीनाशक घातलेलं असतं ते माशांना विष. डब्याचा वरचा काठ म्हणजे तुमच्या पाण्याची पातळी, लाइट गेली की टाकीतलं पाणी तिथंच थांबणार. रोजच्या होलाला आतून एल्बो खाली तोंड करून, कोरड्याला वर तोंड करून, आणि रोजच्या पाइपाला खाली एक गेट व्हॉल्व्ह. बॉल व्हॉल्व्ह नको, त्यात बारीक अ‍ॅडजस्ट होत नाही.

राहिली एक गोष्ट, पंपाचा वर येणारा पाइप. लाइट गेल्यावर तो उलटा सायफन होतो. त्याचं तोंड पाण्यात दोन इंच बुडालेलं असेल तर २८ लिटर पाणी खाली येणार, ओव्हरफ्लो कितीही भारी केलेला असू दे. म्हणून तोंड पाण्याच्या पृष्ठभागाला लागूनच ठेवा आणि पाइपाला पाण्याच्या जरा खाली एक ६ मिमीचं भोक पाडा, पातळी तिथं आली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. त्या भोकात शेवाळ साठतं, महिन्यातनं एकदा काडी घाला. पाणी एकाच दिशेनं सोडणाऱ्या नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नका, त्यात एक वाळूचा खडा अडकला की तो कायमचा रिटर्न.

संप ३० बाय १५ बाय १५ इंचाचा केलात तर एक इंचाला सव्वासात लिटर. चालू असताना ९ इंच भरा, वर ६ इंच म्हणजे ४४ लिटरची जागा राहते, तेवढ्यात सगळं मावतं. मग वहिनींना समोर बसवून पंपाचं बटण स्वतः बंद करा, पाणी खाली येऊन कुठं थांबतं ते बघा, परत चालू करा. असं पाच वेळा. मग रोजच्या होलात मुद्दाम बोळा कोंबून बघा. मग संपावर मार्करनं रेघ मारा की याच्या वर कुणी पाणी ओतायचं नाही. हे सगळं टाकी अंगणात असतानाच, हॉलमध्ये न्यायच्या आधी.

प्रश्न : राजारामपुरीतून लिहितेय. ओळखीच्यांनी गाव सोडताना त्यांची तीन फुटी बाहेरच्या देशातली टाकी मला दिली. तळाला स्टिकर आहे, त्यावर टेम्पर्ड असं काहीतरी लिहिलंय. मुलगा म्हणतो होल पाडू, मी म्हणते काच फुटेल. कुणाचं बरोबर?

उत्तर : ताई, दोघांचं. टेम्पर्ड म्हणजे आपण टफन म्हणतो ती काच. ती ६०० डिग्रीच्या वर तापवून वाऱ्याच्या झोतानं एकदम गार करतात, त्यामुळं बाहेरचा थर कायम दाबात आणि आतला कायम ताणात राहतो. याच ओढाताणीमुळं ती मजबूत होते आणि याच ओढाताणीमुळं तिला नंतर होल पाडता येत नाही, बिट जरा आत गेलं की तोल सुटतो आणि अख्ख्या काचेचा साखरेच्या खड्यांसारखा चुरा होतो, गाडीच्या बाजूच्या काचेचा होतो तसा. टफन काचेत जे होल दिसतात ना शोरूमच्या दाराला वगैरे, ते टफन करायच्या आधी पाडलेले असतात.

पण बऱ्याच टाक्यांत नुसता तळच टफन असतो आणि बाजू साध्या. स्टिकरवर अवलंबून राहू नका, तपासा. लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन पूर्ण ब्राइट करून काचेच्या मागं धरा, आणि पोलराइज्ड गॉगल घालून पुढून बघा, साधा काळा गॉगल चालत नाही. मान तिरकी करत करत स्क्रीन काळी होईपर्यंत फिरवा. काच साधी असेल तर सगळं एकसारखं काळं दिसतं. टफन असेल तर काळ्यावर राखाडी पट्टे, ठिपके, तेलावर दिसतो तसा सप्तरंगी डाग असं काहीतरी दिसतंच. मुलाला हे करायला लावा, त्याला मजा येईल. प्रत्येक काच वेगळी तपासायची, एक साधी निघाली म्हणून दुसरी साधी असेलच असं नाही. मागची साधी निघाली तर तिला होल पाडा, तळाला हात लावू नका. सगळ्याच टफन निघाल्या तर विषय संपला, बाहेर लटकवायचा फिल्टर नाहीतर कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर, घ्या आणि मुलाला ड्रिल दुसऱ्या कशाला तरी वापरू दे.

प्रश्न : कळंब्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, दोन फुटी टाकी, गप्पी आणि थोडे टेट्रा. संप करावा का, आणि करायचा तर होल पाडावं का?

उत्तर : नको भावा. दोन फुटीत गप्पीला संप म्हणजे मिसळ खायला पाहुण्यांसकट ट्रॅव्हल्स करून जाण्यासारखं आहे. स्पंज फिल्टर लावा, आठवड्याला पाव भाग पाणी बदला. गप्पीची पिल्लं तशीही ओव्हरफ्लोतून खाली जातात, मग रोज संपात वाकून गाळणीनं पिल्लं शोधत बसाल. घर बदलताना होल पाडलेली टाकी कुणी घेत पण नाही लवकर.

प्रश्न : कसबा बावड्यातून. मागच्या काचेला होल पाडून झालंय, काच वाचली. पण निपलातून थेंब थेंब गळतंय आणि रात्री पाइपात गुळगुळ आवाज येतोय, झोप लागत नाही. निपलला दोन्ही बाजूनं सिलिकॉन फासलंय तरी गळतंय.

उत्तर : काच वाचली ना, मग अवघड भाग झाला. गळती बहुतेक वायसरची आहे. रबरी वायसर आत, पाण्याच्या बाजूला, चकती आणि काचेच्या मधे हवा, तुम्ही नटाच्या बाजूला घातला असणार, तिथं घातला तर पाणी आट्यांतून वाट काढतं. आणि सिलिकॉननं वायसर घसरतो, नट आवळला की तो एका बाजूला सरकून बाहेर येतो. सगळं काढा, ब्लेडनं सिलिकॉन खरवडून काढा, काच स्पिरिटनं पुसा, वायसर कोरडाच बसवा. नट हातानं पूर्ण आवळायचा आणि मग पान्यानं फक्त पाव फेरा. ताकद दाखवायला गेलात तर आता काच जाईल, होल पाडताना वाचलेली.

आवाजाचं म्हणजे पाइपात पाणी आणि हवा दोन्ही एकदम जातायत, पाणी पडतं आणि हवा वर यायला बघते, त्याची भांडणं तुम्ही रात्रभर ऐकताय. दुसरं इमर्जन्सी होल असेल तर पहिल्या पाइपाला गेट व्हॉल्व्ह लावून तो हळूहळू बंद करत आणा, पाइप पाण्यानं पूर्ण भरला की हवा जात नाही आणि आवाज एकदम थांबतो. एकच होल असेल तर असं आवळू नका, तुंबलं तर पाण्याला दुसरी वाट नाही. त्याच्याऐवजी आतल्या बाजूला वर एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावा, टीचं एक तोंड एल्बोनं खाली पाण्यात आणि वरच्या तोंडाला टोपी, टोपीला अगदी बारीक भोक हवेला. याला डर्सो म्हणतात. भोक आधी २ मिमीचं पाडा, आवाज नाही गेला तर जरा जरा मोठं करत जा. मोठं केलेलं भोक परत लहान करता येत नाही म्हणून दोन-तीन टोप्या जास्तीच्या आणा.

निपल परत बसवल्यावर खाली कालचा पेपर पसरून ठेवा रात्रभर. हाताला लागत नाही एवढी गळतीपण पेपरवर गोल डाग पाडते, सकाळी डाग नसेल तरच मासे सोडा.